भंते संध्याकाळी जेवत नाहीत

बालाघाट, ३० मार्च २०२५

मित्रा,

वर ‘चि.’ लिहावं, ‘सौ.’ लिहावं की ‘माननीय अध्यक्षा, जनता गट’, यातच चहा थंड झाला. शेवटी आई तुला हाक मारते तेच नाव लिहिलं. जय भीम. पक्ष फुटला, पण तो तरी अजून दोन्ही गटांचा एकच आहे.

पत्राचं पाकीट पाहून तुला वाटेल, दादाचं डोकं फिरलं. पण तू मला मोबाईलवर ब्लॉक केलंस, दुकानाच्या नंबरालाही तीच शिक्षा दिलीस, आणि पोस्टखात्यानं अजून ती सोय काढलेली नाही. बालाघाट ते गोंदिया म्हणजे पॅसेंजरमध्ये जागा मिळून नीट बसेपर्यंत उतरायची वेळ. डिसेंबरपासून तेवढं अंतर तुला पार करता आलेलं नाही. मलाही नाही, हे तू म्हणायच्या आत मीच लिहून टाकतो.

कामाचं सांगतो. परवा बर्मात भूकंप झाला. आई टीव्हीसमोर होती. सगाइंग हे नाव आपल्या घरात तिच्याइतकं सफाईनं कुणालाच घेता येत नाही. ते कानावर पडलं आणि तिनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली.

“खेमू, भंतेजीचं गाव हाय नं बाबू ते?”

मी म्हटलं, गाव नाही, प्रांत आहे, फार मोठा आहे.

“मोठा असो का लहान. मित्राले विचार. तिच्यासंग त्याईचं बोलणं होते. माहा फोन त ती उचलत नाई.”

तेव्हा विचारतो. आपल्या विहारात राहून गेलेले भंते सोभन कसे आहेत? एक ओळ पुरे. सही नसली तरी चालेल, अक्षर मला ओळखता येतं.

आईची तब्येत विचारशील म्हणून लिहितो. न विचारता सांगितलं असं समजू नकोस. पायांवर सूज आहे. डॉक्टर म्हणतो हृदय थकलं आहे, मीठ बंद करा. मीठ बंद केलं तर ती जेवण बंद करते. विहारात जाणं मात्र चालू आहे. म्हणजे विहारापर्यंत. दाराला दोन कुलपं आहेत, एक आमच्या पंचशील गटाचं, एक तुमच्या जनता गटाचं. आमची किल्ली माझ्या खिशात, तुमची तू गोंदियाला नेलीस. आई पायरीवर बसून बंद दारासमोर वंदना म्हणते. आत बुद्ध, मध्ये दोन कुलपं, बाहेर आई. तथागतांनी पुष्कळ सोसलं असेल, पण आपला पक्ष त्यांच्या हयातीत निघाला नव्हता.

तिचं एकच मागणं आहे. बुद्धपौर्णिमेला दार उघडावं आणि तू घरी असावीस. तिच्या मते ही एकच गोष्ट आहे. पौर्णिमा बारा मेला आहे.

तुझी ललितावहिनी जय भीम सांगते. तिला तू ब्लॉक केलेलं नाहीस हे मला माहीत आहे.

खेमराज


बालाघाट, १६ एप्रिल २०२५

मित्रा,

उत्तर आलं नाही. ठीक. मौन हाही तुझा एक मुद्दाच असतो.

परवाची जयंती कशी झाली ते तुमच्या लोकांनी सांगितलंच असेल. माझ्याकडून ऐक, जास्त मजा येईल. दोन मिरवणुका निघाल्या. दोन्हींचे फ्लेक्स माझ्याच दुकानात छापले, कारण या गावात मराठीतला ‘ळ’ धड छापणारा दुसरा माणूस नाही. धर्मेंद्र तुमच्या गटाची ऑर्डर घेऊन आला तेव्हा माझ्याशी हिंदीत बोलला. “भैया, हमारा वाला अलग दिखना चाहिए।” लहानपणापासून ‘खेमूदादा, खेमूदादा’ करणारा पोट्टा. मी म्हटलं, दिखेगा. पण आपल्या विहारातल्या मूर्तीचा फोटो माझ्याकडे एकच, भंतेंनी काढलेला. तोच दोन्हीकडे गेला. चौकात मिरवणुका समोरासमोर आल्या आणि दोन्ही बाजूंनी एकच बुद्ध एकमेकांकडे बघत उभे राहिले. मध्ये डीजेवाल्यांची चढाओढ. पानवाल्यानं ओरडून विचारलं, “इसमें बंदूकवाले कौन और अगरबत्तीवाले कौन?” गावानं आपल्याला ठेवलेली ही नावं तुला माहीत आहेतच. अगरबत्तीवाला हे नाव मला लागू नये इतका मी वाईट माणूस आहे, पण इलाज नाही.

मिरवणुकीनंतर आई म्हणाली, “काहून भांडता रे तुम्ही? तुमाले बर्मा कोनी देऊन राह्यलं का?”

डिसेंबरच्या त्या बैठकीत काय झालं ते पुन्हा आठवून पाहिलं. तू तुझ्या बाजूनं आठवत असशीलच. माझ्या बाजूचं हे घे.

विहाराच्या सभागृहात जिल्हा कार्यकारिणी बसली होती. चंद्रशेखर गुरुजी अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ठरावाला हात वर करणाऱ्याकडे ते अजून ‘बाहेर जायचंय का?’ अशा नजरेनं बघतात. आधी वॉर्डातल्या नालीचा ठराव झाला. मग धर्मेंद्र उठला. “गुरुजी, परसवाड्याच्या जंगलात पोलिस-नक्षल्याईच्या गोळ्या चालून राह्यल्या. तिकडचे लोकं रात्री दिवा नाई लावत. त्यावर पक्ष काई बोलनार का नाई?”

गुरुजींनी चष्मा पुसला. “तो विषय पोलिसांचा आहे. आपल्या अखत्यारीत येत नाही.”

आणि लगेच तू ठराव मांडलास: बर्मातल्या जनतेनं लष्कराविरुद्ध उचललेल्या शस्त्रांना हा पक्ष पाठिंबा देतो. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय हुशारी आली! घराजवळचं जंगल अखत्यारीबाहेर आणि समुद्रापलीकडचं यादवी युद्ध अखत्यारीत. ज्या पक्षाचा नगरपालिकेत एक नगरसेवक नाही, त्या पक्षानं रंगूनचं सिंहासन हलवायला घेतलं. तिथल्याबद्दल काही बोललं तर दारात पोलिसांची गाडी यायची भीती नव्हती.

तू चांगलं बोललीस. हे तेव्हा मी कबूल केलं नाही. बाबासाहेब रंगूनला गेले होते, बर्माचा आणि आपला धम्माचा नातेसंबंध आहे, लेकरांवर विमानातून बॉम्ब पडतात तेव्हा पंचशील म्हणत बसणारा माणूस कुणाच्या बाजूनं बसलेला असतो, हे तू विचारलंस. अर्धं सभागृह तुझ्याकडे झालं होतं.

मग मी उठलो. मी काय म्हणालो ते मला तोंडपाठ आहे, कारण घरी येऊन ते मी ललिताला दोनदा म्हणून दाखवलं. मी म्हणालो, या विहारात तीन पावसाळे एक बर्मी भिक्खू राहून गेला. वर्षावासात अंगणात गांडुळं निघायची, तर हा माणूस झाडू उलटा धरून एकेक गांडूळ कडेला न्यायचा आणि अंगण तसंच घाण राहायचं. त्या भंते सोभननी बंदुकीला हो म्हटलं असतं का? दुसऱ्या कुणाला कशाला विचारता? माझ्या बहिणीचं त्यांच्याशी बोलणं होतं. सांग मित्रा, काय म्हणतात भंते?

तू माझ्याकडे पाहिलंस. मग खांबाला टेकून बसलेल्या आईकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, “मले काई सांगाचं नाई.”

तिथं तू हरलीस. हात वर झाले, ठराव पडला, तुझी माणसं उठून गेली, दुसऱ्या दिवशी दारावर दुसरं कुलूप आलं.

अजून मला कळत नाही, तू बोलली का नाहीस? भंते लढ्याच्या विरुद्ध आहेत, हे सांगायची लाज वाटली? प्रामाणिक विरोधक म्हणून तू ते सांगायला हवं होतंस, असं मी त्या आठवड्याच्या पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलंही. त्या सदराबद्दल तुझा राग आहे हे मला पवन जवाईंच्या तोंडून कळलं. ‘बालाघाटची फौज बर्मावर चालून निघाली असून गोंदियाला गाडी बदलणार आहे, सेनापतीबाईंनी जवाईबापूंच्या कृपेनं रेल्वेचा पास मिळवला आहे.’ वाक्य वाईट नव्हतं. पानठेल्यावर लोक वाचून दाखवत होते. पवन जवाई मात्र रेल्वेत आहेत, त्यांच्या ऑफिसातही वाचून दाखवलं, हे मला नंतर समजलं.

आई रोज विचारते. मी रोज सांगतो, पत्र टाकलं आहे. ती म्हणते, “पत्र पायी जाऊन राह्यलं काय?”

खेमराज


बालाघाट, ५ मे २०२५

मित्रा,

काल दुपारी दुकानातून जेवायला आलो. ललिता आमचूरसाठी कैऱ्या चिरत होती. ताट वाढायचं सोडून म्हणाली, “बसा. मित्राताईंचा फोन आलता.”

“काय म्हणते सेनापती?”

तिनं विळी बाजूला सरकवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण विळी बाजूला सरकवून ही बाई माझ्याशी कधी बोललेली नाही. “आधी ते तोंड बंद करा. त्या तोंडानंच सारं झालं.”

मग तिनं सांगितलं. तू तिला सांगितलंस तेच, त्याच क्रमानं सांगितलं असावं.

की दोन वर्षांपूर्वीच बर्माच्या फौजेनं भंतेंचं गाव जाळलं. विहार जाळला. भंतेंचे म्हातारे गुरुजी आत होते. की त्यानंतर भंते सोभन दुसऱ्या एका विहारात गेले, रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या भिक्खूंसमोर बसले आणि चीवर उतरवलं. चीवर अंगावर ठेवून ते काम करायचं नाही, एवढंच म्हणाले. आता ते भंते नाहीत, सोभनही नाहीत. आईबापानं ठेवलेलं नाव थुरा, तेच परत घेतलं. गावातल्या पोरांबरोबर जंगलात गेले. बंदूक आहे. महिन्यातून कधीतरी उंच जागी जाऊन तुला फोन करायचे आणि दर वेळी आईबद्दल एकच बजावायचे: “उपासिकेले सांगू नको ताई. तिले वाईट वाटंन.”

मी ताटावर बसून होतो. तिनं नंतर काय वाढलं ते आठवत नाही.

मित्रा, तू बोलली असतीस तर त्या दिवशी ठराव पास झाला असता. माझं सगळं भाषण त्या एका माणसावर उभं होतं आणि तो माणूस तुझ्या बाजूला होता. तुला एकच वाक्य बोलायचं होतं. खांबाजवळ आई बसली होती म्हणून तू ते गिळलंस. आणि मी तुझं गप्प बसणं माझ्या खात्यात जमा करून घेतलं, आणि वर प्रामाणिकपणावर सदर लिहिलं.

मी सदर लिहिणारा माणूस आहे. दुसऱ्याच्या वागण्यातली गंमत मला लांबून दिसते. ही माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, ती दिसली नाही.

मत मात्र माझं बदललेलं नाही. ते बदललं असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल आणि खरंही ते नसेल. बंदुकीला पाठिंबा देणारा हात मला आजही वर करता येणार नाही. पण जळलेल्या विहारासमोर उभ्या असलेल्या माणसाला, बालाघाटच्या पंख्याखाली बसून, ‘भंते, झाडू घ्या’ असं सांगणारा मी कोण लागून गेलो, हेही मला सांगता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बसत नाहीत. चंद्रशेखर गुरुजींना विचारलं तर म्हणतील उपसमिती नेमा.

ललितानं शेवटचं सांगितलं ते लिहायचं टाळत होतो. भूकंपाच्या दोन दिवस आधी भंतेंचा फोन आला होता आणि त्यानंतर आला नाही. तू लावतेस, लागत नाही. भूकंपानंतरही तिकडं बॉम्बची विमानं येत होती, असं तू म्हणालीस म्हणे.

“आईले सांगू नोका म्हणाल्या ताई,” ललिता म्हणाली. “यातलं काहीच सांगू नोका.”

आई पलीकडच्या खोलीत होती. तिनं विचारलं, “कोनाचा फोन होता व?” ललिता म्हणाली, माहेरचा.

खेमराज


बालाघाट, १३ मे २०२५

मित्रा,

तू सांगू नका म्हणाली होतीस. मी अर्धं सांगितलं. रागावण्याआधी पूर्ण वाच.

काल पौर्णिमा. सकाळी मी विहारावर गेलो आणि आमच्या गटाचं कुलूप काढलं. गुरुजी म्हणाले, कार्यकारिणीची मंजुरी घेतली का? मी म्हटलं, नालीच्या ठरावात घालून घ्या. दार उघडलं नाही, कारण तुझं कुलूप होतं. धर्मेंद्र म्हणाला, “खेमूदादा, हातोडी आणू का?” मराठीत म्हणाला. मी नको म्हटलं. ते कुलूप तोडायचं नाही. तुझ्याच हातानं निघायला हवं. या घरात पुष्कळ गोष्टी मी तुझ्या वतीनं परस्पर करून टाकल्या आहेत.

आईला खुर्चीवर बसवून आणलं. खीर तिनंच ढवळली होती, चिन्नोरच्या तांदळाची. खिडकीच्या जाळीतून मूर्ती दिसते, तिथं तिनं वाटी ठेवली आणि मला घड्याळ विचारलं. बारा वाजायला वेळ होता. ती म्हणाली, “हौ, बाराच्या आत ठेवली पायजे. भंतेजी बारानंतर घेत नाईत.”

तुला आठवतं ना? भंते आले तेव्हा जेमतेम मिशी फुटलेला पोरगा होता, आणि भिक्खूंच्या नेमाप्रमाणे दुपारनंतर अन्नाला हात लावायचा नाही. आपल्या घरी दिवे लागायच्या वेळी चिन्नोरचा भात शिजायचा, त्याचा वास थेट विहारात जायचा, आणि आई चुलीपाशी बसून तळमळायची. “जवान पोट्टं उपाशी झोपते आन् मी जेवू?” त्या तीन पावसाळ्यांत रात्रीचा पहिला घास तिनं कधी सुखानं घेतला नाही. सकाळी त्याच्या पात्रात वाढताना एकेक चमचा जास्त घालायची, आणि वाढून झालं की एवढी म्हातारी त्याच्या पायाशी डोकं टेकवायची. लेकराच्या वयाच्या माणसाला हात लावायचा नाही, विचारपूस करायची नाही, फक्त नमस्कार. तिला ते जड जायचं.

खिडकीपाशी वाटीकडं बघत ती म्हणाली, “खरं सांग खेमू. भंतेजी हायेत का नाई?”

आता मी काय करायचं होतं? मी म्हटलं, “आई, भंते आता भंते राहिले नाहीत. चीवर उतरवलं. दोन वर्षं झाली.”

मी तिचा हात धरला; वाटलं आता रडेल, आता छातीत दुखेल, आता तू म्हणशील मी तिला मारलं. तिनं दुसऱ्या हातानं वाटी जाळीच्या आणखी जवळ सरकवली. मग माझ्याकडे वळली.

“मंग आता संध्याकाळी जेवत असंन?”

मी विचारलं, म्हणजे?

“अरे, भंते नाई नं आता. मंग त्याले रात्रीचं जेवता येते नं?”

“हौ आई. येतं.”

“बेस झालं,” ती म्हणाली. तिचा सगळा चेहरा सैल झाला, मित्रा. पायांवर सूज आल्यापासून मी तिला तशी पाहिली नव्हती. “मंग आता नाव काय त्याचं?”

“थुरा.”

“थुरा,” तिनं म्हणून पाहिलं. “आता आला त मी नाई पाया पडनार. त्यानंच माह्या पडावं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवीन.” मग हळूच: “कायले उतरवलं?”

मी सांगितलं. गाव जाळलं ते, त्याचे गुरुजी आत होते ते, बंदूक ते. तिनं डोळ्याला पदर लावला.

“त्याले गांडूळ मरू नाई द्यायचं होतं,” एवढंच म्हणाली. “किती तरास झाला असंन पोट्ट्याले.”

आपल्या दोन्ही गटांच्या भाषणांत हे वाक्य कुठंच नव्हतं. मी भाषणाचा कागद काढून पाहिला. नव्हतं.

भूकंपापासून त्याचा फोन बंद आहे, एवढं मी सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची गोष्ट करत होती.

काल संध्याकाळी तिनं स्वतः हाक मारून ताट मागितलं. मिठाशिवायचं. पहिला घास घेण्याआधी विचारलं, “तिकडे किती वाजले असतीन आता?” मी म्हटलं, एक तास पुढं असतं. “मंग त्याचं जेवण झालं असंन नं?”

मी म्हटलं, “हौ आई. झालं असंन.”

आणि ती जेवली.

आज पुन्हा तेच विचारलं. उद्याही विचारेल. तू दोन वर्षं हे कसं केलंस? ती तुला फोनवर दर आठवड्याला विचारायची, भंतेजी बरे हायेत का, आणि तू म्हणायचीस, बरे आहेत. मी दोन संध्याकाळींतच संपलो. जीभ चालवणं हा माझा धंदा आहे, आणि एवढंसं ‘हौ’ माझ्याच्यानं म्हणवत नाही.

क्षमा मागत नाही. तो शब्द मी सदरात पुष्कळांच्या तोंडी घालून त्याची मजा केली आहे. माझ्या तोंडी तुला तो खोटा वाटेल. सदर बंद केलं आहे, तेवढं सांगतो. पवन जवाईंना मी स्वतः येऊन भेटेन, त्यांच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर.

तू किल्ली घेऊन ये. ठराव तुझा तसाच असू दे, माझा तसाच असू दे. फक्त संध्याकाळच्या गाडीनं ये, ती ताटावर बसायच्या आत पोहोच. ती विचारेल, त्याचं जेवण झालं असंन नं? तेव्हा मी खाली बघेन, आणि ‘हौ’ तू म्हण.

तुझा दादा